एका किल्लीचं गाव

आता.

कारखान्यातला क्रेनवाला काकांच्या कुलपांच्या दुकानात उभा आहे. त्यांनीच विकलेल्या कुलपाची किल्ली त्याच्या बोटावर गरगर फिरतेय.

"शेठ, रात्रपाळी करून आलो, झोपेत शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरलो. किल्ली लागली. जेवलो, झोपलो. उठून बघतो तर भिंतीवर भलत्याच म्हातारीचा फोटो. नाक अगदी तुमच्यासारखं."

काकांचा चहा नाकात गेला. त्याच नाकात.

आधी.

गावात दाराला खुर्ची लावायचे, तीही कुत्र्यासाठी. मग कारखाना आला आणि दोन वर्षांत गाव दसपट झालं. ज्याला त्याला कुलूप हवं. घाऊक व्यापारी काकांना म्हणाला, "हा माल स्वस्त, कारण सगळ्यांना एकच किल्ली." काकांनी 'स्वस्त'पर्यंतच ऐकलं. बाकीचं कळलं तेव्हा सगळी खोकी विकून झाली होती.

"दुसऱ्याच्या दाराला कोण किल्ली लावून बघतंय?" काका मला म्हणाले होते. "सभ्य माणसं आहेत."

पुन्हा आता.

काकांनी क्रेनवाल्याचे हात धरले. "बाबा रे, बोलू नकोस. दुकानासकट जाळतील मला." नवीन वेगळं कुलूप फुकट दिलं. तो गेला.

तासाभरात मागच्या दारातून गावातली एक घरमालकीण. "मला वेगळं कुलूप द्या. बाकीच्यांची राहू द्यात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"साखर संपली होती. एकदाच गेले!"

मग मास्तर. मग खुद्द फौजदार, साध्या कपड्यांत. त्यांची इस्त्री चोरीला गेली होती. कुणाची तरी छत्री मात्र काखेत होती. सगळ्यांचं एकच: माझं बदला, लोकांचं नको. काका घाम पुसत हसायला लागले. त्यांना जाळायला कोण येणार? तोंड उघडलं की प्रत्येकाचीच चोरी उघडी.

शेवटचं वेगळं कुलूप त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं आणि आम्ही घरी आलो. काकू कारखान्याच्या कँटीनमधून नुकत्याच आल्या होत्या. भिंतीवर आजी, नाकासकट.

काका पेचकस घेऊन दाराशी बसले.

"खबरदार," काकू म्हणाल्या.

"अगं, परका माणूस शिरतो घरात! एकदा आला होता!"

"एकदा? महिना झाला. जेवतो आणि सगळी भांडी घासून ठेवतो." काकूंनी त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला. "तुम्ही एक ताट घासून दाखवा, मग बदला कुलूप."

काका थोडा वेळ मोरीकडे बघत राहिले. मग कुलूप माझ्या हातात दिलं.

"उद्या विकून टाक."