रेसची वायर

सुनेला माहेरून आणायला सासऱ्याने जायचं, ही कुठल्या गावची पद्धत, असं मला बायकोला, शकुंतलेला, विचारायचं होतं. विचारलं नाही. तिचे गुडघे गेलेले, भात कापणीला आलेलं, आणि ज्याने जायला हवं तो आमचा नागेश रात्रीची उतरली नाही म्हणून गोठ्याच्या कडेला पसरलेला. तेव्हा मीच मोटारसायकल काढली. गाडीही माझ्यासारखीच, ढकलली की चालणारी.

कॅसलरॉकला व्याह्यांनी, परशूभाऊंनी, चहा पुढे केला आणि विचारलं, "जावई आता बरं हाईत न्हवं?"

"हाईत की," मी म्हटलं, आणि बशीत बघत चहा प्यालो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय सांगायचं? आत विहीणबाईंनी सुनयनाची ओटी भरली. पोरगी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं. ओटीतला नारळ पिशवीत टाकून ती मागे बसली आणि आम्ही रामनगरचा रस्ता धरला. तिथून पुढे जगलबेट, मग आमचं गाव. या वर्षातली ही माझी तिसरी खेप होती.

जंगलातल्या एका चढावर गाडीने दम सोडला. मूठ पिळली तर ती नुसतीच गरागरा फिरली. उतरून बघतो तर रेसची वायर मुठीपाशीच तुटलेली. मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दगडावर बसलो आणि खरं सांगायचं तर मला उठावंसंच वाटेना.

"आता काय वो, मामा?" सुनयनाने विचारलं.

आयडलचा स्क्रू पिळून ठेवला तर गाडी रेसशिवाय हळूहळू चालते. पण ती एकट्या माणसाला. दोघं बसले आणि चढ आला की जागीच बसते. मग राहिला दुसरा उपाय. मी वायर मुठीतून सोडवली, टाकीखालून मागे घेतली, वरची नळी सीटखाली दोरीने आवळली. आतल्या उघड्या तारेच्या टोकाला एक काटकी बांधून ती सुनयनाच्या हातात दिली.

"हे ओढलंस की गाडी पळती. सोडलंस की थांबती. मी सांगीन तसं कर."

पहिल्यांदा तिने अशी ओढली की दोघंही खड्ड्यात गेलो असतो. "सोड, सोड!" मी ओरडलो. मग "ओढ", "सोड", "ओढ", असं करत निघालो. क्लच माझा, ब्रेक माझा, हँडल माझं, आणि वेग तिचा. दोन-चार वळणांत तिला गाडीची नस सापडली. मी गिअर बदलायला क्लच दाबायच्या आतच ती तार ढिली सोडायची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण सासरा आणि सून इतके एकमताने कधी वागले नसतील. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. रामनगरात नवी वायर टाकू, भजी खाऊ, आणि उजेडी घरी पोचू, असा माझा हिशेब चालला होता.

हमरस्त्याच्या फाट्यावर गाडी हळू झाली आणि थांबली. इंजिन चालूच होतं.

"ओढ की."

"न्हाई ओढत."

"का? बोट कापलं व्हय?"

"न्हाई. मामा, एक इचारते. रामनगरात नवी वायर पडली की तुमी काय थांबणार न्हाई, म्हणून हितंच इचारते. त्यांची दारू सुटली का?"

मी मूठ पिळली. सवयीनं. ती आपली रिकामी फिरली. थापा मारायलाही माणसाच्या अंगात जोर लागतो, आणि तो मी परशूभाऊंच्या ओट्यावर संपवून आलो होतो.

"न्हाई सुटली," मी म्हटलं. "काल बी प्याला हुता."

"तरी न्यायला आलासा."

"आलो. सुगी तोंडावर हाय. तुझ्या सासूला उठवत न्हाई..."

"आत्यांचं वाईट वाटतं मला. मागल्या बारीला डोकं फुटलं तवा त्यांनीच हळद भरली माझ्या." तिने नारळाची पिशवी मांडीवर घेतली. "वळवा, मामा."

"अगं, ओटी भरून निघालेली लेक माघारी न्हेऊ? लोक काय म्हणतील?"

"नारळ अजून फुटला न्हाई. आई त्याची चटणी करंल."

मला संताप आला. उतर म्हणावं आणि तिला चालवत, गाडी ढकलत रामनगर गाठावं, असंही मनात येऊन गेलं. पण राग कुणाचा येतो आहे, तेच कळेना. तिने मागे बसून नुसतं विचारलं होतं. मारणारा माझा, आणि परत परत त्याच्या दारात नेऊन सोडणारा मी.

"हँडल तुमच्याकडं हाय," ती हळूच म्हणाली. "मला न्हाई वळवता येत."

मी पाय टेकत टेकत गाडी वळवली. डोळ्यांना पाणी आलं ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. शकुंतला दोघांचा भात टाकून वाट बघत असणार, आणि मी एकटाच दारात उभा राहणार. नागेशला उठवून सगळं तोंडावर सांगायचं कामही आता माझंच होतं. ते चार वर्षांपूर्वीही माझंच होतं.

गाडीचं तोंड कॅसलरॉककडे झालं. तरी मागून तार ओढली जाईना.

"आता आनी काय?"

"मला सोडल्यावर तुमची रेस कोण ओढणार, मामा?"

मी वाकून आयडलचा स्क्रू चाचपला.

"स्क्रू पिळून जाईन हळूहळू," मी म्हटलं. "एकट्याला चालती गाडी. तू ओढ."

तिने ओढली.