कणकेची बाहुली

सिएटलजवळच्या तिबेटी विहारात मुखवट्यांचा पवित्र नाच आहे, हे नीलांबरीला ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. नागपूरहून आलेले बाबा रेडमंडच्या पावसात घरी बसून कंटाळले होते. ती त्यांना घेऊन गेली.

बाबा, म्हणजे मनोहर रामटेके, निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून घरात बुद्ध आणि बाबासाहेब, एवढ्याच तसबिरी. त्यामुळे तीन डोळ्यांचा, सुळे विचकलेला, कवट्यांचा मुकुट घातलेला मुखवटा नाचत पुढे आला, तेव्हा ते ताठ बसले.

"हे काय, नीलू? बुद्धाच्या घरात राक्षस?"

"हळू बोला ना, बाबा. निघायचं का?"

"नाही. बघू तर दे."

लांबलचक कर्णे घुमत होते. सांगाड्यांच्या वेशातले दोघे उड्या मारत फिरत होते. मधोमध कणकेची एक बाहुली ठेवलेली होती. काळ्या टोपीतल्या नर्तकाने तिच्याभोवती फेर धरला, सुरी काढली आणि तिचे तुकडे केले. बाबा उठून उभेच राहिले.

नाच थांबल्यावर त्यांनी थेट त्या नर्तकालाच गाठलं. ते भिक्खू लोब्सांग. कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढलेले, त्यामुळे हिंदीत बोलता आलं.

"तुम्ही बळी दिलात," बाबा म्हणाले. "आम्ही तर हे सगळं सोडून आलो."

"ती बाहुली म्हणजे आपल्यातला 'मी'," लोब्सांग म्हणाले. "कापायचा तो तेवढाच."

"आणि तो राक्षस?"

"ती करुणा. लेकरू विस्तवाकडे धावलं की आई ओरडते. त्या क्षणी तिचा चेहरा कसा होतो?"

"सांगाडे?"

"अनित्य."

"अनिच्च," बाबा पुटपुटले. त्यांच्याकडे अंत्यविधीला म्हणतात तो पाली शब्द. "पण ही दैवतं खरोखर आहेत, असं मानता तुम्ही?"

"नाचाआधी मी ध्यानाला बसतो. मग नाचताना मी लोब्सांग उरत नाही. तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्यापाशी नाही."

बाबांनी मान डोलावली. मग भिंतीशी ठेवलेल्या मुखवट्याकडे बोट दाखवलं. "याच्या डोळ्यांतून दिसतं का हो?"

लोब्सांग हसले. "नाही, डोळे फार वर येतात. आम्ही तोंडातून बघतो."

हात न लावता बाबांनी वाकून, मान तिरकी करून त्या उघड्या जबड्यात डोकावून पाहिलं.

"सगळं नाही पटलं मला," गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले. "माझे वडील असते तर भांडून बाहेर पडले असते. मला का भांडावंसं वाटलं नाही, कळत नाही. उद्याही आहे ना हे? तुला काम असेल तर मी बसने जातो."

"मी ड्राइव्ह करते, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले. शिंगांचा एक मुखवटा गिरक्या घेत आला.

"हरिण! सारनाथच्या मृगवनातलं असेल का गं?"

"मला नाही माहीत."

"थांब, विचारून येतो," म्हणत बाबा उठायला लागले. नाच संपेपर्यंत नीलांबरीला त्यांची बाही धरून ठेवावी लागली.