पास झालेला ससा

दुकान आणि मागचं घर यांच्यामधल्या दाराला दोन कड्या होत्या, एक दुकानाच्या बाजूनं आणि एक घराच्या. दुकानाची रोज संध्याकाळी लागायची, सकाळी निघायची. घराच्या बाजूची इतकी वर्षं नुसती लोंबकळत होती. ती लागते की नाही, हेसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. गेले अकरा दिवस मात्र ती घट्ट लागलेली होती, आणि लावणारी कुणी परकी नव्हती, पोटची लेक होती.

खेळण्यांच्या या दुकानाच्या मालकिणीला सगळी आळी भिंगरीबाई म्हणायची. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर दोन बोटांनी लाकडी भिंगरी फिरवत बसायची तिची सवय, म्हणून हे नाव. वय पासष्टीच्या पुढं, तोंडात कवळी, पण जीभ अजून विशीतली. नवरा गेल्यावर एकटीनं दुकान ओढलं होतं, तेव्हापासून आपण कुणाचं ऐकून घ्यायला जन्मलोच नाही अशी तिची खात्री झालेली. अकरा दिवस ती घरात जायला रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दारानं जात होती. पण दार वाजवलं नाही, कडी काढ म्हणाली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभाला अजून काडीही लागली नव्हती.

तिला छळत होती ती शांतता. चौदा महिन्यांची नात रोज सकाळी याच दारातून रांगत दुकानात यायची, खालच्या फळीवरचा पत्र्याचा ढोल दोन्ही हातांनी बडवायची, आणि आजीकडे बघून चार दात दाखवायची. आता ढोलावर धूळ होती. घरात जेवायला बसलं की लेक बाळाची खुर्ची टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ओढून घ्यायची, आणि आजीनं हात पुढं केला की तिला नेमकं बाळाचं तोंड पुसायचं असायचं. जावई कामासाठी महिना महिना बाहेरगावी असायचा. त्यामुळं मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

झालं होतं ते असं.

भिंगरीबाईच्या दुकानात एक नियम होता. कुठलंही खेळणं ओढून बघितल्याशिवाय फळीवर चढायचं नाही. कंपनीनं काय लिहिलंय, विक्रेता कशाच्या शपथा घेतोय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. पोर जे करणार ते आधी आपण करायचं: खेळणं टाकायचं, चाटायचं, आणि डोळा, नाक, चाक, शेपूट जे काही बाहेर आलेलं असेल ते दातांत धरून ओढायचं. टिकलं तर बुडाला लाल नेलपॉलिशचा एक टिपका. टिपका म्हणजे पास. आळीतल्या आया खेळणं उलटं करून आधी टिपका बघायच्या आणि मग रंग.

आणि हे ओढायचं काम बरीच वर्षं होतं लेकीकडं. दात आले तशी नोकरी लागली, असं भिंगरीबाई गिऱ्हाइकांना हसत सांगायची. लेकीला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही. दुकानात आलेली प्रत्येक बाहुली, प्रत्येक अस्वल आधी तिच्या हातात यायचं. ती चावायची, ओढायची, संध्याकाळपर्यंत त्याला नावही ठेवून मोकळी व्हायची. आणि सकाळी बघावं तर बाहुली काचेत बसलेली, बुडाला टिपका, विकायला तयार. तिच्या वाट्याला राहिला फक्त एक कापडी ससा, आणि तोही तिनं त्याचा कान इतका चावला होता की तो विकण्याजोगा उरला नव्हता म्हणून.

तोच ससा आजीनं तीस वर्षं कपाटात जपला होता. नात बसायला लागली, धरायला लागली, तशी एके सकाळी आजीनं तो काढला आणि मोठ्या कौतुकानं लेकीपुढं धरला. लेकीचेही डोळे भरून आले होते, हे खोटं नाही. तिनं ससा धुतला, वाळवला, बाळाला दिला. तिसऱ्या दिवशी बाळ निळं पडलं. लेकीनं तिला हातावर पालथं घालून पाठीत धपाटे मारले तेव्हा घशातून बटणाचा काळा डोळा बाहेर पडला, आणि मग बाळ रडलं. त्या रडण्याइतका गोड आवाज त्या घरात कधी झाला नव्हता.

तिथंच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या असत्या तर गोष्ट मिटली असती. पण भिंगरीबाई घाबरली होती, आणि तिची भीती नेहमी तोंडावाटेच बाहेर पडायची. ती म्हणाली, "टिपका आहे त्याला. पास झालेला ससा आहे. तूच धुताना उसवलास."

लेक म्हणाली, "माझ्या दातांवर दुकान चालवलंस. आता माझ्याच डोक्यावर खापर फोड." बाळाला घेऊन ती आत गेली आणि कडी लागली.

बाराव्या दिवशी दुपारी दातांची डॉक्टरीण आली.

भिंगरीबाईची कवळी हिनंच बसवलेली, त्यामुळं दोघींचं नातं तसं तोंडावरचंच. डॉक्टरीणबाईंना खेळणी हवी होती, पण खेळायला नव्हे. दवाखान्यात पेशंट बसतात तिथं एक कोपरा सजवायचा होता, जुन्या दिवसांचा. हल्ली अशीच गिऱ्हाइकं जास्त. गेल्या वर्षी भिंगरीबाईनं काचेवर पाटी लावली होती, "तुमच्या लहानपणची खेळणी", आणि तेव्हापासून मोठी माणसं येऊन चावीच्या बेडकापुढं हळवी व्हायची, फोटो काढायची, पोराला मात्र हात लावू द्यायची नाहीत. भिंगरीबाईला त्यांचा मनापासून राग यायचा. यांना खेळणं नको असतं, लहानपण हवं असतं, आणि तो माल काही आपल्याकडं येत नाही, असं ती म्हणायची. पाटी मात्र काढत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पत्र्याची आगगाडी घेतली, लाकडी घोडा घेतला, आणि मग वरच्या फळीकडं बघून त्यांचा आवाजच बदलला. तिथं अकरा कापडी ससे ओळीनं बसले होते. लेकीच्या सशाचेच भाऊबंद. एकाच खेपेत आलेले, न खपलेले, तीस वर्षं माळ्यावरच्या पेटाऱ्यात पडून असलेले. पाटी लागल्यावर भिंगरीबाईनं खाली काढले होते. होते बारा, पण एक समोरच्या कुलूपवाल्यानं सुनेला पाठवून नातवासाठी नेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी असाच ससा त्यांच्याकडं होता, त्याला उशीखाली घेऊन त्या झोपायच्या, आणि आता तो घेतल्याशिवाय त्या हलणार नाहीत.

भिंगरीबाईनं ससा खाली घेतला. बुडाला टिपका होता, जुना, विटकरी पडलेला. बांधून द्यायचा एवढंच. पण अकरा दिवस लेकीचा ‘खापर’ हा शब्द तिच्या कानात कुसळासारखा रुतला होता, तो आज हलला. डॉक्टरीणबाईंच्या देखत तिनं सशाचा डोळा तोंडात धरला आणि ओढला. डोळा जागेवर राहिला. कवळी निघून आली.

"मावशी, काय हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या कवळीनं भाकरीचा तुकडा तुटत नाही, ससा कुठला तुटतोय. द्या इकडं." आणि गंमत म्हणून त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत डोळा धरून हलकेच पिरगाळला.

तो त्यांच्या हातात आला. मागं दोरा होता, पण दोरा कसला, बोट लागताच त्याची भुकटी झाली.

भिंगरीबाई त्या भुकटीकडं बघत राहिली. हा ससा कुणी धुतला नव्हता. पेटाऱ्यातून फळीवर, एवढाच त्याचा प्रवास. टिपका होता तसा होता. कुजला होता तो दोरा. तीस वर्षांत तिच्या स्वतःच्या तोंडातले बत्तीसच्या बत्तीस गेले, आणि सुती दोरा तेवढा टिकला असेल असं तिनं धरून चाललं. एकदा टिपका लागला की लागला. परत ओढून बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. जगातल्या पोरांसाठी ओढून बघितलं, आणि नातीसाठी नाही.

तिनं ससा काउंटरखाली टाकला आणि विकायचा नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, भाव वाढवायला बघतेय. त्यांनी समजावलं की त्यांना शोभेलाच ठेवायचाय.

"तुमच्याकडं येणारी पोरं शोभा चाटतात," भिंगरीबाई म्हणाली. "घोडाही ठेवा. त्याचे खिळे बघायचेत."

डॉक्टरीणबाई तावातावानं गेल्या. अशा तोंडाळ बाईची कवळी पुन्हा सैल झाली तर तिनं दुसरा दवाखाना शोधावा, असं दारातून ऐकवून गेल्या.

मग भिंगरीबाई रस्ता ओलांडून कुलूपवाल्याकडं गेली. पायरीवर खेळण्यांचा खोका ठेवण्यावरून दोघांचं सात वर्षं वाकडं होतं. त्याचा नातू अजून पाळण्यात होता, ससा शोकेसमध्ये होता, म्हणून वाचलं. तिनं तो परत मागितला आणि कारण सांगितलं. कुलूपवाल्यानं ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा शेजारच्या शिंप्यालाही बोलावलं, म्हणाला, ऐक रे, पुन्हा ऐकायला मिळणार नाही. भिंगरीबाईनं ऐकून घेतलं. त्याला उत्तर द्यायला तिच्याकडं चांगली चार होती, तिनं गिळली.

परत आली, बारा ससे पोत्यात भरले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच घराचं दार दुकानाच्या बाजूनं वाजवलं.

"कोण?" दुकानातून दार वाजवणारी जगात एकच बाई होती, तरी लेकीनं विचारलं.

"मी आहे."

"पुढच्या दारानं ये."

"घरात नाही यायचंय. ससे आणलेत. पेटाऱ्यातून काढले तसेच आहेत, पाणी लागलेलं नाही. एकाचा डोळा आत्ता निघाला. नुसत्या बोटानं."

दाराच्या पलीकडं बाळ काहीतरी जमिनीवर आपटत होतं. तेही थांबलं.

"मग?" लेक म्हणाली.

त्या एका शब्दात तिनं सगळं मागितलं होतं, आणि भिंगरीबाईला ते कळलं. कुलूपवाल्यापुढं दोनदा बोललेलं इथं एकदाही जिभेवर येईना.

"मग तू नव्हता उसवलास," ती शेवटी म्हणाली. "मी ओढून बघितला नव्हता."

भिंगरीबाईनं पोतं खाली ठेवलं. "बाकीचे बघायचेत. माझी कवळी निघून येते."

कडी सहज निघेना; गंजलेली, अकरा दिवस रुतलेली. लेकीनं ती दोन-तीन ठोसे मारून काढली. कडेवर बाळ होतं. आईकडं न बघता ती म्हणाली, "अजून माझेच दात लागतात तुला."

"लागतात."

लेक उंबऱ्यावर बसली. बाळाला तिनं मागं घराच्या बाजूला ठेवलं आणि मध्ये आपला गुडघा आडवा घातला. एकेक ससा घेऊन ती डोळा दातात धरायची, मान मागं झटकायची, आणि निघालेला डोळा डब्याच्या झाकणात थुंकायची. तिला एकदाही विचारावं लागलं नाही कसं धरायचं ते. एवढासा जीव होता, तेव्हा हे ज्या निमूट तोंडानं करायची, तेच तोंड. भिंगरीबाईनं ते तोंड तेव्हा इतकं जवळून कधी बघितलंच नव्हतं. तिचं लक्ष सशाकडं असायचं.

आठांचे निघाले, चारांचे टिकले. सवयीनं भिंगरीबाईचा हात खणातल्या लाल बाटलीकडं गेला.

"टिपका लावून बघ फक्त," लेक म्हणाली.

हात परत आला. टिकलेले चारही पोत्यात गेले, आणि शेवटी कपाटातला कान चावलेला ससा लेकीनं स्वतः आतून आणून टाकला. त्याच्यावर मात्र तिचा हात क्षणभर रेंगाळला.

एवढ्यात बाळानं गुडघ्यावरून डोकं वर काढलं आणि आजीला चार दात दाखवले. भिंगरीबाईचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले.

"हात नको लावूस."

"नाही लावत."

तिनं हात मागं घेतले, ते कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून काउंटरवरची भिंगरी उचलली. फिरवणार, तोच थांबली आणि ती लेकीपुढं धरली. "आधी बघ."

लेकीनं भिंगरीची दांडी दातात धरली, जोरात ओढली, पिरगाळली, उजेडाकडं धरून चीर गेलीय का ते पाहिलं. मग आईच्या हातात परत दिली. "तिच्या हातात द्यायची नाही. तू फिरव, ती बघेल."

भिंगरी उंबऱ्याजवळच्या फरशीवर उभी राहिली आणि गुणगुणायला लागली. बाळ आईच्या गुडघ्यावर दोन्ही हात आपटू लागलं.

"आज पास आहे," लेक म्हणाली. तिच्या आवाजात ओल नव्हती, पण ती उठलीही नाही. "उद्या परत ओढून बघायची."