पाचवा नियम

सूर्यभान गुरुजींचा स्वभाव संशयी आहे, ही बातमी गुरुजी बदलून यायच्या आधीच गावात येऊन पोचली होती. दूधवाल्याच्या दुधात पाणी आहे का, हे कुणीही बघतं. गुरुजी बिनपाण्याचं दूध आलं तरी आज याला काय झालं म्हणून बघायचे. त्यांना स्वतःला याचं काहीच वाटत नसे. उलट अभिमानच होता. मार्चच्या निवडणुकीत त्यांना मतदान केंद्रावर पाठवलं होतं, तिथं दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलेला एक तोतया त्यांनी बोटावरच्या शाईवरून पकडला होता. ती हकीगत ते अजून सांगत, आणि दर खेपेला तो तोतया दोन बोटं उंच होत असे.

साल बहात्तर, जून संपत आलेला, आणि आभाळात ढगाचं नाव नाही. काष्टीपासून चार कोसांवरचं हे गाव. शिवारात पेरायला काही नव्हतं म्हणून निम्मं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. गुरुजींच्या वाट्याला सहावीचा वर्ग आला. पटावर बेचाळीस नावं. त्यातली नऊ पोरं मळ्यावरच्या वस्तीची, कारण वस्तीवरची शाळा पाचवीतच संपायची. ही पोरं या शाळेला नवी, गुरुजीही नवे.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर पाच नियम लिहिले आणि सगळ्यांना वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला लावले. घंटेआधी रांगेत उभं राहायचं. प्रार्थनेनंतर हात पुढे करून नखं दाखवायची. बोट वर केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हजेरीला उभं राहून ज्याचं त्यानंच ‘हजर’ म्हणायचं. आणि पाचवा नियम त्यांनी खडू मोडेस्तोवर दाबून लिहिला: सलग दहा दिवस गैरहजर राहील त्याचं नाव पटावरून कमी होईल.

बोलले तसं त्यांनी केलं. पंधरवडा झाला तशी लाल शाईची दौत उघडली आणि एकदाही तोंड न दाखवलेल्या तीन नावांवर पट्टी धरून सरळ रेघा मारल्या. तीन नावं गेली, एकोणचाळीस राहिली. हात झटकून गुरुजी पुढच्या कामाला लागले.

पण वर्गात काहीतरी शिजत होतं. काय ते कळेना. हजेरीच्या वेळी वस्तीवरची पोरं एकमेकांकडे बघत आणि लगेच माना खाली घालत. गुरुजींनी एकदा पाठमोरं असताना खडू खाली टाकला आणि उचलायच्या निमित्तानं पायांखालून मागं बघितलं. सगळी पोरं गुमान लिहीत होती. पोरं इतकी गुमान कधी लिहितात का? संशय दुणावला.

नखांनी पहिला धागा दिला. एका सोमवारी मुक्ता दरेकर या वस्तीवरच्या पोरीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं दिसलं. दगडाखाली सापडलं असणार. रविवारी आईबरोबर खडीवर गेली असेल, असं म्हणून गुरुजी पुढं सरकले. मंगळवारी त्याच पोरीचा अंगठा समोर आला, आणि नख होतं स्वच्छ. पोलक्याच्या खांद्यावरचं हिरवं ठिगळ तेच, वेण्या त्याच, हनुवटीवरचं गोंदणही तेच. नख तेवढं दुसरं.

कालचं काळं नख कुठं गेलं, असं गुरुजींनी विचारलं. शाई सांडली होती, घासून काढली, असं पोरीनं अगदी पटकन सांगितलं. पटकन आलेल्या उत्तरावर गुरुजींचा कधीच विश्वास नसे. बुधवारी मुक्ता अंगठ्याला चिंधी बांधून आली. चिंधी का, तर लागलंय. आणि मग ती चिंधी सुटलीच नाही.

आता गुरुजींना झोप येईना झाली. मेलेलं नख एका रात्रीत जिवंत होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आपला चष्मा जुना झालाय, हेही ठाऊक होतं. त्यांनी मुक्ताला आडवेतिडवे प्रश्न टाकून बघितले. काल मी भूगोलात कोणती नदी सांगितली? परवाचं गणित कुणाचं चुकलं? पोरीनं नदी सांगितली, गणित सांगितलं, वर गुरुजी त्या वेळी खोकले होते तेही सांगितलं. बाकीच्या पोरांना काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं, आणि हिला खोकला आठवत होता. अशा हुशारीनं दुसरा एखादा गुरुजी सुखावला असता. सूर्यभान गुरुजींना वाटलं, ही पोरगी परीक्षेला बसल्यासारखी रोज तयारी करून येते, म्हणजे काहीतरी लपवतेय.

वस्तीवरच्या चांगुणाला त्यांनी एकटीला बोलावून घेतलं. मुक्ताचं काय आहे, असं गोडीनं विचारून बघितलं, मग छडी टेबलावर ठेवून विचारलं. चांगुणा म्हणाली, काय न्हाई. छडीकडे बघत तीनदा म्हणाली, काय न्हाई. सगळा वर्ग एक झालाय, याची गुरुजींना खात्री पटली. चाळीस वर्षांचा माणूस, पण पोरांनी आपल्याला येड्यात काढलंय या विचारानं त्यांचे कान तापले.

मग त्यांना निवडणुकीची शाई आठवली. मतदानाच्या दिवशी सामान बांधताना शाईची एक बाटली त्यांच्या पिशवीत तशीच राहून गेली होती आणि परत द्यायला ते विसरले होते. तळाशी चार थेंब उरले होते. तोतया धरायला चार थेंब पुष्कळ झाले.

बुधवारी शाळा सुटताना गुरुजींनी पाढे म्हणून घेतले. ज्यांचे पाढे बिनचूक झाले अशा तिघांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर त्यांनी काडीनं एक ठिपका दिला. शाबासकीची खूण, असं सांगितलं. तिघांतली एक मुक्ता होती. बाकीची दोघं उगाच आपली साक्षीला. ही शाई पंधरा दिवस जात नाही हे पोरांना माहीत नव्हतं, आणि गुरुजी त्या रात्री फार दिवसांनी पोटभर जेवले.

गुरुवारी प्रार्थना संपायचीही वाट त्यांनी बघितली नाही. सरळ मुक्तासमोर जाऊन उभे राहिले. पोरीनं डावा हात पुढे केला. बोटावर ठिपका होता, काळाकुट्ट. गुरुजींनी ओलं फडकं घेऊन तो घासला. पोरीनं ओठ दाबून धरले, ठिपका काही हलला नाही. गुरुजी खुर्चीत जाऊन बसले. हा डाव फुकट गेला. शुक्रवारीही ठिपका जागेवर होता, फक्त त्यांना वाटलं की काल तो जरा मोठा होता. मग वाटलं, आपल्यालाच वेड लागायची पाळी आलीय. आपण एका अकरा वर्षांच्या पोरीच्या मागं हात धुऊन लागलोय याची त्यांना पहिल्यांदाच थोडी लाज वाटली. थोडीच, कारण जाताना त्यांनी ठिपक्याचा आकार वहीत काढून ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली, नखांची रांग सुरू झाली. मुक्ताची पाळी आली तेव्हा तिनं उजवा हात पुढे केला आणि डावा परकराच्या घोळात लपवला. सापडली. त्यांनी दुसरा हात मागितला. पोरगी मागं सरकली. त्यांनी मनगट धरून हात बाहेर ओढला.

बोट सुजून दुप्पट झालं होतं. ठिपक्याभोवती कातडी फोडांनी उठली होती, पाणी धरलं होतं, एक फोड फुटून वाहत होता. मधोमध काळा डाग तेवढा तसाच. गुरुजींना हे काय आहे ते ओळखायला वेळ लागला नाही. त्यांची आई टाचांच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरायची, आणि लहानपणी त्या बिब्ब्याला हात लावला म्हणून त्यांचाही तळवा असाच उतला होता. आठ दिवस रडले होते ते.

त्यांनी मनगट सोडलं. आवाज चढवायचा विचार होता, तो चढलाच नाही. बिब्बा कुणी लावला, असं त्यांनी विचारलं.

“मीच,” पोरगी म्हणाली. “सुई तापवून.”

“कशाला?”

“मुक्ताच्या बोटावर ठिपका हाय म्हून.”

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. रांगेतली चांगुणा डोळे मिटून उभी राहिली. महिनाभर ज्याची वाट बघितली तो तोतया समोर उभा होता, आणि गुरुजींना त्याचा काडीचाही आनंद होईना.

“मग तू कोण?”

पोरीनं सुजलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरलं होतं. आतापर्यंत ती खाली बघत होती, आता वर बघून म्हणाली, “माजं नाव तुमी कापलंय, गुरुजी.”

गुरुजी टेबलाकडे गेले आणि हजेरीपट उघडला. मुक्ता सहादेव दरेकर. तिच्याच खाली, पट्टी धरून मारलेल्या लाल रेघेखाली, राही सहादेव दरेकर. बापाचं नाव एक, जन्मतारीख एक. जन्मतारखेनं कधी संशय आला नव्हता, कारण वर्गातली निम्मी पोरं पटावर एक जूनलाच जन्मलेली होती. दुनियेला संशयानं चाळून काढणारा हा माणूस आपण स्वतः मारलेल्या रेघेखालचं नाव वाचायला तेवढा विसरला होता.

बाकीचं मग चांगुणानं सांगितलं, आणि ती सुरू झाल्यावर वस्तीवरची सगळी पोरं बोलू लागली. या दोघी जुळ्या. बाप गुरं घेऊन गोदावरीकाठी गेलेला, दोन महिने त्याचा पत्ता नाही. आई खडीवर. एकट्या बाईच्यानं दिवसाचं माप भरत नाही, म्हणून एका पोरीनं आईबरोबर जायचंच. शाळा सुरू झाली तेव्हा राही कामावर होती. आळीपाळीनं शाळेत येऊ असं दोघींचं ठरत होतं, तोवर दहा दिवस भरले आणि नाव गेलं. उरलं एक नाव. पटावर नाव नसलेल्या पोरीला वर्गात जागा नव्हती आणि शाळा तर दोघींनाही हवी होती, म्हणून आळीपाळीनं येऊन त्यांनी ते एकच नाव रोज हजर ठेवलं. परकर-पोलकंही धड असं एकच होतं. जी शाळेत येई ती संध्याकाळी दुसरीला सगळं सांगे. नदी, गणित, आणि गुरुजी कितींदा खोकले तेही, कारण हे गुरुजी काय विचारतील याचा नेम नव्हता.

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग एका पोराला घरी पिटाळून खोबरेल तेलाची वाटी मागवली आणि स्वतःच राहीच्या बोटाला तेल लावायला बसले. धरून ठेवलेलं रडू तिला आत्ता आलं. गुरुजींनाही काहीतरी बोलायचं होतं, पण माफी मागायची त्यांना सवय नव्हती, म्हणून सुईनं असलं करतात का, असं ते दोनदा नुसतंच म्हणाले.

बोटाला तेल लावून झाल्यावर त्यांनी लाल शाईची दौत पहिल्या बाकावर ठेवली आणि वह्या काढायला सांगितल्या. पहिलं पान. पाचवा नियम. पट्टी धरून रेघ मारा. पोरांचा विश्वास बसेना. यात काहीतरी डाव असणार, असं चाळीसेक तोंडांवर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यासाठी पोरांना बोल लावायला गुरुजींकडे तोंड नव्हतं. शेवटी चांगुणानं पहिली रेघ मारली, मग दौत बाकाबाकावरून मागं गेली. तपासणीचे साहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे गुरुजींना अजून सुचलं नव्हतं.

मग हजेरी. हजेरीपटाच्या तळाशी त्यांनी काळ्या शाईनं एक नाव नव्यानं लिहिलं आणि पहिल्यापासून पुकारायला सुरुवात केली. मुक्ता सहादेव दरेकर, असं म्हटल्यावर पोरगी सवयीनं अर्धी उठली आणि परत बसली.

“ती कामावर हाय, गुरुजी,” चांगुणा म्हणाली. बोट वर न करता म्हणाली, आणि गुरुजींनी ते चालवून घेतलं.

ते पुढची नावं घेत गेले. शेवटचं नाव आलं.

“राही सहादेव दरेकर.”

पोरगी उभी राहिली. दीड महिना दुसरीच्या नावाला फटकन ‘हजर’ म्हणणारी ही पोरगी, स्वतःच्या नावाला तिचं तोंड उघडेना. ओठ नुसते हलत होते. पोरं मागं वळून बघू लागली. एरवी नाव एकदाच पुकारून पुढं जाणारे गुरुजी लेखणी खाली ठेवून थांबले, आणि तिच्याकडे बघत राहिले.

“हजर,” राही म्हणाली.