दसऱ्याच्या पाटावर बसलेला परदेशी चेंडू

मी बोलतोय तो एक गोल्फचा चेंडू. लिंबाएवढा, पांढरा, अंगभर खळ्या. ज्यांच्या घरात मी आता राहतो, त्या सकुबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बाय, ह्या लिंबाला देवी आल्या का काय?" मला राग आला नाही. दिसतो खरा मी तसाच.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. वटपौर्णिमेला बायका वडाला दोरा गुंडाळतात ना, तसा रबराचा बारीक दोरा ताणून ताणून माझ्या पोटात गुंडाळला आणि वरून मऊ साल चढवली. ही साल नाजूक. मुरलेला खेळाडू अशा चेंडूला हवा तिथे थांबवतो, हवा तसा वळवतो. पण हात कच्चा असेल, तर तीच साल चेंडूला भलतीकडे पळवते. हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

आम्ही तिघे भाऊ एका डब्यातून आटगावजवळच्या एका बंगल्यांच्या वसाहतीत आलो. वसाहतीला लागून छोटंसं गोल्फचं मैदान होतं. करमरकर साहेबांनी आम्हाला बाहेरदेशाहून आणलं आणि हरेशच्या हातावर ठेवलं. हरेश किन्हवलीचा. घरची भातशेती, आणि वसाहतीतले पाण्याचे पंप सांभाळण्याचं काम. रविवारच्या खेळात एकदा चौथा गडी आला नाही, म्हणून साहेबांनी त्याला सहज बोलावलं. त्या दिवसापासून त्याला खेळाचं वेड लागलं. काठ्याही साहेबांच्याच, मैदानावरच्या खोलीत ठेवलेल्या.

"चांगला बॉल वापर, मग बघ," साहेब म्हणाले होते.

शेवटच्या टप्प्यावर एक तळं आडवं होतं. चेंडू त्यावरून पलीकडे न्यायचा. हरेशला ते एकदाही जमलेलं नव्हतं. माझा थोरला भाऊ पहिल्याच रविवारी पाण्यात गेला. मधल्याला काठीची लोखंडी धार लागली आणि त्याच्या सालीला फाटक्या ओठासारखी चीर पडली. उरलो मी. हरेशने मला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. दसऱ्याला मोठा सामना होता, मी त्याच्यासाठी.

साहेबांनी बजावलं होतं, "हरेश, या वेळीही पाण्यात घातलास, तर मला चौथा गडी दुसरा बघावा लागेल."

घरी येऊन तो जेवला नाही नीट. बायको, रेश्मा, समजून गेली. ती सोमवार, चतुर्थी, नवरात्र सगळं मनापासून करणारी. तिने विचारलं, "अहो, त्या खेळाचं एवढं काय घेऊन बसलात?"

"तुला नाय कळायचं. तिथं सगळी मोठी माणसं. मी चुकलो का हसतात, बरोबर खेळलो का माझं नाव घेऊन बोलावतात."

दसऱ्याच्या पहाटे रेश्माने पाटावर कोयता, विळा, पंपाचे पाने मांडले, आणि कपाट उघडून मलाही काढलं. ज्या वस्तूवर माणसाचा जीव, तीही त्याचं हत्यारच, असं तिच्या मनात आलं असावं. तिने मला धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. डोळे मिटून पुटपुटली, "आई, ह्यांना पार होऊ दे."

इतक्या मानाने मला कधी कुणी बसवलं नव्हतं. शेजारी विळा होता, गवताचा वास येणारा.

थोड्या वेळाने हरेश अंघोळ करून आला. बाहेर साहेबांची जीप हॉर्न देत होती. कपाट उघडून पाहतो तर रुमाल रिकामा.

"रेश्मा! बॉल कुठंय?"

"पूजेत मांडलाय. तुमचं चांगलं व्हावं म्हणून."

तो माझ्याकडे हात पुढे करून आला, तसा त्याच्या आईचा, सकुबाईंचा आवाज कडाडला. "हात नको लावू रे! पूजेतलं हत्यार आज चालवायचं नाय. उद्या सकाळी पूजा हलवू, मंग ने."

"आई, सामना आज हाय!"

"मंग आज देवीशी सामना करतोस का?"

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं करायला गेली आणि हे होऊन बसलं. पूजेतली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही, हे तिला ठाऊक होतं. सामन्याच्या काळजीत तेच नेमकं ध्यानात राहिलं नाही. हरेशने तिच्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. मग पंपाच्या पिशवीतून एक जुना चेंडू काढला. ओढ्यात सापडलेला, चिखलाने पिवळा पडलेला, दगडासारखा टणक. तो खिशात टाकून जीपकडे निघून गेला.

दिवसभर मी पाटावर. रेश्मा येता-जाता माझ्याकडे बघायची आणि नजर चुकवायची. तिने दुपारी काही खाल्लं नाही.

दिवेलागणीला जीप थांबली. हरेश आत आला. हातात आपट्याची पानं. आधी आईला सोनं दिलं, मग रेश्माला.

"गेला," तो म्हणाला.

"पाण्यात?"

"पार गेला! अगो, पार!" आणि तो दारातच बसला. "तुला सांगतो, दगडासारखा त्यो बॉल. म्हटलं, गेला तर गेला, कोण रडतंय त्याच्यासाठी. हात सैल सोडला. सुटला तो थेट पलीकडं. साहेब म्हणाले, दिवाळीच्या सामन्याला तूच."

सकुबाई म्हणाल्या, "देवीनं ऐकलं." रेश्मा हसली आणि मग रडली.

पुढच्या रविवारी हरेशने मलाही तळ्यापाशी नेलं. उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं धरावं तशी त्याची बोटं काठीवर आवळली होती. मला ती भीती कळत होती. मी परदेशी, मी शेवटचा, मी जपून ठेवलेला. काठी आली ती धारेने. माझी साल फाटली, मी वाकडा उडालो आणि अलीकडच्याच चिखलात पडलो. हरेशने मला उचललं, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि खिशातून तो पिवळा बाहेर काढला. तो गेला पलीकडे.

तेव्हापासून मी कपाटात, कापराच्या डबीशेजारी. पोटातला दोरा आता वाळत चाललाय. हरेश आजही खेळतो, आणि चांगला खेळतो.

मध्यंतरी त्याचा चुलतभाऊ किशोर आला. नुकता खेळायला लागलेला. हातात कोरा डबा, आत तीन महागडे चेंडू. हल्लीच्यांच्या पोटात दोरा नसतो म्हणे.

"दादा, ह्यानं खेळू का? सगळे म्हणतात लय भारी हाय."

हरेशने मला काढून त्याच्या हातावर ठेवलं. "भारी हाय, खोटं नाय. पण मला एक सांग. तळ्यात गेला तर तुला काय वाटंल?"

"जीव तुटंल, दादा."

"मंग आत्ताच नको. जो गेला तर वाईट वाटणार नाय, त्यानं खेळ. हात बसू दे."

किशोर डबा रेश्माच्या हातात देऊन म्हणाला, "वहिनी, हे तुमच्याकडं राहू द्या. हात बसला का मागंन."

रेश्माने मला थोडं बाजूला सरकवलं आणि तो डबा माझ्याशेजारी ठेवला. ते तिघे आत कोरे, चकचकीत, आपल्या ऐटीत आहेत. मी त्यांना काही सांगत नाही. नव्या खेळाडूंनो, तुम्हाला मात्र एवढंच सांगतो, आम्हाला घाईने बाहेर काढू नका. आम्ही थांबू. किशोर रोज संध्याकाळी मागच्या रानात जुन्या चेंडूवर काठी मारतो, तो आवाज इथवर येतो. हल्ली तो आवाज बरा येतो.