‘येतो’ न म्हणता

आमच्या भवानी पेठेत घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठीत ‘येतो’ म्हणायचं, नाहीतर कानडीत ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येतो, आणि मगच उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा. आमचे हे कापसाच्या अडतीवर कारकून. सत्तावीस साली तिथे नवा मद्रासी हेडक्लार्क आला आणि त्याचं ऐकून ह्यांच्या तोंडी ‘गुड बाय’ बसलं. सकाळी टोपी चढवली की उंबऱ्यातून तेच. मी अर्थ विचारला तशी स्वारी खुलली. म्हणाले, मुळात ते लांबलचक बोलणं होतं, ‘देव तुझ्यापाशी राहो’. साहेब लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या झिजत झिजत एवढंसं उरलं.

“देव माझ्यापाशी राहणार, मग तुम्ही कुठं राहणार?” मी विचारलं.

“अडाणी ती अडाणीच!” ते म्हणाले.

भारी रागीट माणूस. भाकरी जरा करपली की ताट भिरकावायचे. पण कसेही असले तरी माझे होते, बाई. मला तेच हवे होते.

पौषात ते अडतीच्या कामाला अक्कलकोटला निघाले, तेव्हा मी वाट अडवून म्हटलं, आज तरी ‘येतो’ म्हणा. तर मुद्दाम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ‘गुड बाय’ ठणकावून गेले.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी परतले. तोच कोट, तीच टोपी, गळ्यात तेच इष्टलिंग, भुवईवर तोच व्रण. पण उंबऱ्याशी थांबले. मी “या की” म्हणेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. स्वतःच्या घरात कुणी असं ताटकळतं का? प्रवासाचा शीण असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग करपलेली भाकरी त्यांनी गुमान खाल्ली आणि मला विचारलं, “तू जेवलीस का?” लग्नाला एवढी वर्षं झाली, हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होते.

शेजारच्या अक्कम्मा म्हणाल्या, “नवरा सुधारला की गं! नशीब काढलंस.” कसलं नशीब! आता रोज सकाळी ते ‘येतो’ म्हणायचे, तेही माझ्याकडं बघत, आणि मी “या” म्हणेपर्यंत हलायचे नाहीत.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, सुपारी कातरता कातरता, मी सहज विचारल्यासारखं केलं, “गुड बाय म्हणायचं सोडलंत वाटतं?”

त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. “काय अर्थ त्याचा?”

मी सांगितला. त्यांनी मन लावून ऐकलं आणि हसून विचारलं, “मग? राहिला का?”

मी उठले ती तडक परसात गेले. सासूबाई चुलीसाठी तुराट्या मोडत बसल्या होत्या. मी त्यांचे पायच धरले. “आत्याबाई, खरं सांगा. हे तुमचंच लेकरू हाय का?”

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग मला जवळ ओढलं.

“आईला कळत न्हाय व्हय?” त्या कानाशी पुटपुटल्या. “पर गप ऱ्हा, निंगव्वा. ह्यो मला मारत न्हाय.”