खिडकीखालची पंगत

परसातल्या दगडावर सकाळी ठेवलेला भात दुपार झाली तरी तसाच होता. वरून कोरडा पडलेला, एका बाजूने मुंग्यांनी धरलेला. रंगुबाईला रागच आला. साळुंक्या नाहीत, सातभाई नाहीत, पेरूवरची ती आगाऊ खारसुद्धा नाही.

"शिळं हाय, पर नासकं न्हाई," ती मोकळ्या झाडाला म्हणाली. "कवापासून एवढं नखरं आलं तुमाला?"

भिंगारमधल्या या दोन खोल्यांत अन्न वाया जात नसे. नियम तिच्या नवऱ्याचा, सहादेवचा. लष्कराच्या मेसमध्ये जन्मभर भांडी घासताना बादल्याच्या बादल्या अन्न ओतून द्यावं लागलं, त्याची त्याला चीड बसली होती. पानात वाढलेलं माणसानं संपवायचं आणि भांड्यात उरलेलं परसातल्या जिवांना घालायचं. रोहिणी लहानपणी भेंडी टाकून उठली, तर तिला तो परत पाटावर बसवायचा. लेकीवर माया होती, पण भेंडीपुढे तिचं काही चालत नसे. स्वतःचं ताट तो असं निपटायचा की घासणारीला काम उरू नये.

त्याच सहादेवच्या अन्ननलिकेत दिवाळीनंतर गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, अंगात ताकद राहिली तरच पुढची इंजेक्शनं, नाहीतर नाही. सोमवारी वजन करायचं होतं. रंगुबाईचा सगळा जीव त्या काट्यात अडकला होता. भाकरी कुस्करून, आमटीत मऊ करून ती खोलीत ठेवायची आणि बाहेर थांबायची. समोर कुणी बसलेलं त्याला चालत नसे. "तोंडाकडं बगत बसू नको, घास उतरत न्हाई," म्हणायचा. थोड्या वेळाने ताट लख्ख.

वर कौतुक. "आज आमटी झ्याक झाली." उभ्या संसारात या माणसाने स्वयंपाकाला बरं म्हटलं नव्हतं, आता रोज म्हणत होता. रंगुबाई या वयात लाजली. तिने अर्ध्या भाकरीची एक केली. रोहिणीला फोनवर सांगितलं, "लई सुधारलेत तुजे पप्पा. सोमवारी गाडी घिऊन ये." त्याचे गाल बसले होते, सदरा खांद्यावरून लोंबत होता, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांपेक्षा ताटावर विश्वास ठेवणं सोपं होतं.

"हिकडं कशी येतील पाखरं?" कुंपणापलीकडून शेजारची चांदबी हसली. "गल्लीच्या अंगाला भाईजान रोज जेवू घालतात की त्यांना. खिडकीतून. लई सवाब मिळंल, पुण्य लागंल, भाभी."

रंगुबाईला आधी काही कळलंच नाही. "कवा?" तिने विचारलं.

"तुमी ताट ठिऊन भाईर आला की लगेच."

ताट तर ती आत्ताच ठेवून आली होती. घराला वळसा घालून ती गल्लीत गेली आणि शेवग्याआड उभी राहिली. खिडकीखाली सातभाईंचा कालवा चालला होता. साळुंक्या होत्या, खार होती, भिंतीशी एक मुंगूस दबा धरून बसलं होतं. गजांतून सहादेवचा हात बाहेर आला. मुठीत काला होता. बोटं उघडायलाही त्याला वेळ लागत होता. घास पडला, हात आत गेला, पुन्हा आला. सगळ्यांना मिळावं म्हणून तो थोडं इकडे, थोडं तिकडे टाकत होता. मग आतून बोटांनी ताट निपटल्याचा आवाज आला.

रंगुबाईला संताप आला, इतका की आत जाऊन ते ताट भिरकावून द्यावं. पण न संपवलेलं ताट बायकोच्या हातात परत द्यायची या माणसाला लाज वाटली असणार, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? ती आत गेली.

"चवीला बरं हुतं," सहादेव म्हणाला.

"व्हय का?" म्हणून तिने ताट उचललं आणि मोरीत नळ मोठा सोडून रडून घेतलं.

जरा वेळाने रोहिणीचा फोन आला. "मम्मी, गाडी ठरवली सोमवारची. जेवले का पप्पा?"

"गाडी ऱ्हाऊ दे," रंगुबाई म्हणाली. "तू उद्याच ये. ऱ्हायच्या तयारीनं ये."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

ऊन कलल्यावर रंगुबाईने पुन्हा भाकरी थापली, रोजच्याएवढीच. ताट घेऊन ती खोलीत आली, पण बाहेर गेली नाही. खाटेवर त्याच्याजवळ बसली आणि खिडकीची दोन्ही दारं उघडली. सहादेवने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"गिळवत न्हाई गं," तो म्हणाला. "कालपून पानी बी उतरंना."

"आदी का न्हाई सांगितलं?"

"तू लई हरकली हुती."

तिने काला कालवला, एक घास त्याच्या तळहातावर ठेवला आणि मनगटाला आधार देऊन हात गजांबाहेर काढला. खाली कालवा उठला. दुसरा घास ठेवला, मग तिसरा. दोघंही खाली बघत होते. हळूहळू ताट संपलं. सहादेवने सवयीने कडेचं बोटाने निपटलं.

"आजून वाढू?" रंगुबाईने विचारलं.

सहादेव खिडकीतून बघत राहिला. "थोडा भात आन," तो म्हणाला.

रंगुबाई भात आणायला उठली.